वरातीसाठी एकच होडी

माकास्सार, शनिवार, १२ ऑक्टोबर १९८५

होणाऱ्या विहीणबाई दाएंग तेने, सलाम.

तुमच्या मिनीला माझा आशीर्वाद सांगा. इथे रुस्तम सोडून सगळ्यांची झोप उडाली आहे. तो तिकडे कालिमांतानात लाकडाच्या कंपनीत ओंडके मोजत मजेत आहे. वीस नोव्हेंबरला येणार, चोवीसला लग्न, दोन डिसेंबरला परत कामावर. मधली सगळी धावपळ या मावशीनं करायची. आई-बापाविना पोर, चार वर्षांचा असल्यापासून मीच वाढवलाय, तेव्हा लग्नातही मी कमी पडू देणार नाही.

आज वरातीची होडी ठरवायला धक्क्यावर गेले होते. बेटांवर जाणाऱ्या तीन होड्या पाहिल्या. पहिली रुंद, जुनी, मालाची. खोबरं आणि सिमेंट वाहते. तांडेल म्हणाला, "बाई, हिच्यात हत्ती बसवा." मी म्हटलं, हत्ती नाही, नवरदेव बसवायचाय, आणि तो उतरताना सिमेंटनं पांढरा झालेला मला चालणार नाही. दुसरी फारच लहान. तिसरी हाजी दोल्लांची नवी लाँच. अहाहा! निळ्या रंगाची, लांबलचक, वर छप्पर, दोन इंजिनं आणि गाणी लावायला टेप. तांडेल दाएंग रोला जाणता माणूस आहे. त्यानं माझ्यासमोर होडीच्या तळाच्या मधोमध असलेल्या, बेंबी म्हणतात त्या भोकावर हात ठेवला, मग आपल्याच नाकाखाली बोट धरून श्वास पाहिला. उजव्या नाकपुडीतून वाहत होता. म्हणाला, "लग्नाला शुभ आहे." मी विसार देऊन टाकला.

आम्ही अठ्ठावन्न माणसं येऊ, वधूच्या भेटींची बारा मानाची ताटं घेणाऱ्या बाया धरून. पोरंटोरं छपरावर बसतील. सगळे एकाच होडीत, ते तर आलंच. वरात दोन तुकड्यांत आणली तर संसाराचे दोन तुकडे होतात असं आमच्या थोरल्या जाऊबाई दाएंग बाजी आत्ताच सांगून गेल्या. तुमचं काय मत? तसं ठरवून झालंच आहे, पण विचारायची रीत.

दाएंग कानांग


बोनेजारांग बेट, बुधवार, १६ ऑक्टोबर

दाएंग कानांग, सलाम.

पत्र पोचलं. माझ्या अक्षराला हसू नका, मासे सुकवणारीचे हात आहेत. हे पत्र मी मिनीला न दाखवता लिहितेय.

होडी छानच असणार. पण छप्पर नसलेली मिळाली तर बरं होईल. छपरामुळे आमच्या बायकांना नवरदेवाचं तोंड लांबून दिसत नाही. बारा ताटंही आदल्या दिवशी मालाच्या होडीतून पाठवली तर तुमच्या बायकांना अवघडून बसावं लागणार नाही. आणि आमचं घर लहान आहे, आमचा धक्काही बुटका आहे, लांब होडी लागायची नाही. पंचवीस माणसं आली तरी आमचं घर भरून जाईल. बाकीच्यांना तुम्ही परत गेल्यावर शहरात जेवण घाला, आम्हाला त्यात राग नाही.

नोव्हेंबरअखेर पश्चिमेचा वारा कधी सुटेल सांगता येत नाही. एवढंच.

दाएंग तेने


माकास्सार, मंगळवार, २२ ऑक्टोबर

दाएंग तेने, सलाम.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि तिसऱ्यांदा दाएंग बाजींनी माझ्या हातातून घेऊन वाचलं. तिथेच चुकलं. आता सगळ्या गल्लीला ठाऊक आहे की वधूकडच्यांना आमची माणसं जास्त झाली.

मानाची ताटं मालाच्या होडीतून पाठवायची? कांद्याच्या पोत्यांशेजारी? नवरदेवाच्या मागून बाया ताटं घेऊन उतरतात तेव्हाच ती वरात दिसते. ताटं आधी आणि माणसं नंतर आली तर लोक विचारतील, लग्न आहे की घर बदलताय? आणि पंचवीस माणसं म्हणजे मी कुणाला वगळू? ज्याला वगळेन तो माझ्या मयतालाही यायचा नाही. आपल्यात कुणाला "तुम्ही राहा" म्हणणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं. हे तुम्हाला मी सांगायला हवं का?

तुमचं घर लहान असेल तर वाळूत चटया टाकू. आम्हाला जेवणाची हाव नाही. होडी तीच राहील. आणि आता माणसं त्रेसष्ट झालीत, कारण रुस्तमच्या वडलांकडचे मारोसचे पाच जण रुसले होते, त्यांना मी स्वतः जाऊन बोलावलं.

कानांग


बोनेजारांग, रविवार, २७ ऑक्टोबर

दाएंग कानांग,

रागावू नका. एक सुचवते. माझ्या भावाच्या दोन होड्या आहेत, चांगल्या, दोन्ही बाजूंना तोल धरणारी लाकडी उलांडी असलेल्या. लग्नाच्या सकाळी मी त्या शहराच्या धक्क्यावर पाठवते. तुमचे काही त्यांत बसतील, काही लाँचमध्ये. तुम्हाला एक पैचा खर्च नाही. बाकी सगळं तुमच्या मनासारखं होऊ दे. एवढं ऐका.

तेने


माकास्सार, शनिवार, २ नोव्हेंबर

दाएंग तेने,

आता मात्र हद्द झाली. वधूच्या घरच्या होडीतून नवरदेव आणायचा? म्हणजे आम्हाला होडीचीही ऐपत नाही, किंवा रुस्तम तुमच्या घरी राहायला येतोय, असंच कुणीही समजेल. दाएंग बाजींना मी हे पत्र दाखवलं नाही. दाखवलं असतं तर लग्न तिथेच मोडलं असतं.

काल बाजारात तुमच्या बेटाची मासेवाली भेटली. मी सहज विचारलं, तुमचा धक्का फार बुटका आहे का हो? ती हसली. म्हणाली, "बाई, तिथे बर्फाची मोठी जहाजं लागतात." तेव्हा धक्क्याचं कारण खोटं होतं. छपराचंही खोटं असणार. आता खरं काय ते लिहा. माझा पोरगा पसंत नाही का? मिनीच्या मनात दुसरा कुणी आहे का? लग्न मोडायचं असेल तर तसं स्पष्ट लिहा. मी रडेन, पण समजेन. असं होडीच्या आडून बोलू नका.

कानांग


बोनेजारांग, बुधवार, ६ नोव्हेंबर

दाएंग कानांग,

मुलगा पसंत आहे. मिनीला त्याच्याशिवाय कुणी नको. कारण दुसरंच आहे. लग्नाआधी जे तोंडातून काढायचं नसतं ते लिहितेय. वाचून झालं की जाळा.

मी विधवा आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. नवरा समुद्रात गेला एवढंच आम्ही बोलणी चालू असताना सांगितलं होतं. कसा गेला ते सांगितलं नाही. लोक म्हणाले असते, त्या घरची वरात पाण्यात गेलीय, तिथली मुलगी नको.

अकरा वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाचं लग्न होतं. वरात आमच्या बेटावरून शहराजवळच्या गावी न्यायची होती. होडी ठरवायचं काम माझ्या नवऱ्याकडे, दाएंग नाबांकडे होतं. ते आदल्या दिवशी येऊन म्हणाले, "माणसं फार झालीत, दोन होड्या करू." मी म्हटलं, लोक काय म्हणतील? नवऱ्यामुलाची बहीण म्हणून माझी काही अब्रू आहे की नाही? ते माझ्यापुढे जास्त बोलत नसत. एकच होडी केली. चौपन्न माणसं होती, पोरं छपरावर. मिनीला ताप होता म्हणून मी तिला घेऊन मागे राहिले.

तांडेलानं श्वास पाहिला होता. तुमच्या तांडेलासारखाच. श्वास उजव्याच नाकपुडीतून वाहत होता. श्वास माणसाचा असतो, दाएंग कानांग, वजन होडीचं असतं. वारा फिरला, छपरावरची पोरं घाबरून एका बाजूला सरकली आणि होडी कलली. वादळ वगैरे काही नव्हतं. धक्क्यावरच्या लोकांना ती होडी दिसत होती. एकोणीस जण परत आले. भाऊ आला. माझा नवरा आला नाही.

दोन होड्या करू असं ते म्हणाले होते हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. भावालाही नाही. मिनीलाही नाही.

आता रोज सकाळी उठून मी तुमची त्रेसष्ट माणसं मोजते. माझ्या डोळ्यांसमोर ती तुमच्या निळ्या होडीत बसतात आणि मोजणी संपायच्या आत होडी कलते. मला भीती वाटते. याहून चांगला शब्द मला येत नाही. माझी अब्रू घ्या, आम्हाला भिकारी म्हणा, पण माणसं कमी करा.

तेने


माकास्सार, शुक्रवार, १५ नोव्हेंबर

दाएंग तेने,

उत्तराला नऊ दिवस लागले. पत्र जाळलं. पण त्यातलं काही डोक्यातून जात नाही.

आधी जे काय लिहिलं त्याबद्दल माफ करा. माझी जीभ लांब आहे, हे सगळा बाजार जाणतो.

मी काय काय केलं ते ऐका. पहिल्यांदा त्या रुंद मालाच्या होडीकडे धावले. ती गेली. पैगंबरांच्या जन्माचा महिना, त्या रविवारी शहरात लग्नंच लग्नं आहेत. हाजी दोल्लांना दुसरी होडी मागितली. हसले. म्हणाले, "बाई, त्या दिवशी होडी म्हणून कुणी पाण्यात दार सोडलं तरी ते भाड्यानं जाईल." तुमच्या भावाच्या होड्या घ्यायच्या असं मी घरी हळूच बोलून पाहिलं. दाएंग बाजी जेवता जेवता उठून गेल्या आणि आधीच येऊन राहिलेल्या मारोसच्या मंडळींनी कपडे बांधायला घेतले. तारीख पुढे न्यावी तर रुस्तमची सुट्टी संपते. आणि खरं कारण मला कुणाला सांगता येत नाही. सांगितलं तर होडी नाही, लग्नच रद्द करतील, आणि मिनीला जन्मभर तो डाग लागेल.

परवा दुपारी एकटीच जाऊन त्या लाँचमध्ये बसले. फळ्यांवर हाताची वीत लावत गेले. इथे दाएंग बाजी, इथे त्यांच्या सुना, इथे मारोसचे, इथे ताटं. एकतीस-बत्तीसपर्यंत मला जागा दिसली. पुढची माणसं एकमेकांच्या मांडीवर आणि छपरावर. दाएंग रोलाला विचारलं, किती माणसं बसवायची खरी? तो म्हणाला, "आजवर कुणाला नाही म्हटलेलं नाही." मी म्हटलं, हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नाही. तो म्हणाला, "लग्नाच्या घरी आकडा सांगणाऱ्या तांडेलाला पुढच्या वेळी कुणी बोलावत नाही, बाई." त्यालाही ठाऊक आहे. सगळ्यांनाच ठाऊक असतं.

होडी धक्क्याला बांधलेली होती, पाणी शांत होतं, तरी मी दोर दोन्ही हातांनी धरून उतरले. ज्याला मी चमच्यानं भात भरवला तो पोरगा मी माझ्याच हातानं त्या होडीत बसवणार आहे. रात्रंदिवस दुसरं काही सुचत नाही. आज सकाळपासून आकाशही पश्चिमेला काळं धरून आहे.

मी काहीतरी करेन. काय ते अजून मला माहीत नाही.

कानांग


धक्क्यावरून, रविवार, २४ नोव्हेंबर, सकाळी साडेसात

दाएंग तेने,

हे रुस्तमच्या हाती देतेय. घाईत लिहितेय, कागद मिठाईच्या खोक्याचा आहे.

सगळे होडीत बसले होते. माझ्याशिवाय एकसष्ट, एक जण आलाच नाही. मी शेवटी पुढचं मानाचं ताट घेऊन चढले. होडी किती खाली बसली ते मी वरून पाहिलं. काठ पाण्यापासून हातभरसुद्धा वर नव्हता. मला वाटलं होतं ऐनवेळी कुणीतरी शहाणा बोलेल. कुणी बोललं नाही. बोलायचं कुणी, हा प्रश्न होता. कुणाला उतर म्हणायचं?

मग माझ्या लक्षात आलं की इथे एकच माणूस असं आहे ज्याला उतरायला सांगून कुणाचा अपमान होत नाही. मी ताट भाचीच्या हातात दिलं आणि उतरले. मोठ्यानं म्हटलं, "मी पुढच्या खेपेला येते, होडी जड झालीय." वरातीची मुख्य बाईच खाली राहिली तर कोण कुणावर रुसणार? थोड्या वेळानं दाएंग बाजी ओरडल्या, "ही खाली आणि मी वर बसू? मला काय हलकी समजलात?" आणि तणतणत उतरल्या. मग त्यांच्या सुना. मग छपरावरची पोरं. मग मारोसचे, एकेक. आता होडीत बत्तीस आहेत आणि काठ पुष्कळ वर आला आहे.

पण पश्चिमेचा वारा सुटलाय. दाएंग रोला म्हणतो, आत्ता निघालो तर पोचू. दुसरी खेप आज होईल असं वाटत नाही. तुमच्या इमामांनी दहाची घटका काढलीय, ती चुकवू नका. माझ्यासाठी थांबू नका. मी ते लग्न डोळ्यांनी पाहिलं नाही तरी चालेल.

रुस्तमला पोहता येतं, पण फार चांगलं नाही. मी आता इथेच धक्क्यावर बसते.

कानांग


बोनेजारांग, रविवार, २४ नोव्हेंबर, दुपारी दोन

दाएंग कानांग,

सगळे पोचले. हे वाक्य आधी वाचा, पुन्हा वाचा, दाएंग बाजींना वाचून दाखवा, मग पुढचं. बत्तीस माणसं, तांडेल आणि दोन खलाशी. मी दोनदा मोजली, मग इमामांना मोजायला लावली.

खोटं सांगत नाही, येणं सोपं नव्हतं. अर्ध्या वाटेवर प्रवाळाचा उथळ भाग संपतो तिथे लाटा होडीत आल्या. एक इंजिन बंद पडलं. रुस्तम नवरदेवाच्या कपड्यांत गुडघाभर पाण्यात उभा राहून ताटाच्या झाकणानं पाणी उपसत होता. मिठाईचा लगदा झाला, लाल रेशमाचा रंग सगळ्यांच्या हातांना लागला. नऊला येणारी होडी सव्वा अकराला आली. मी सकाळपासून धक्क्यावर होते. ती लाटेआड गेली की मी श्वास धरायचे, दिसली की सोडायचे. दाएंग रोला उतरल्यावर खाली वाळूतच बसला. मी त्याला पाणी दिलं. तो म्हणाला, "आणखी दहा माणसं असती तर मी इथे नसतो." मग तोंड फिरवून रडला. एवढा बाप्या माणूस.

पुढचं मानाचं ताट तुमच्या हातात दिसलं नाही तेव्हा मी तुम्हाला होडीभर शोधलं. मला वाटलं, तुम्ही वाटेत पडलात. मी किंचाळलेच. रुस्तमनं तो मिठाईचा कागद दिला. ओला झाला होता, पण वाचता आला.

तुम्ही आज काय दिलंत ते या बेटावर फक्त मला कळतं. अकरा वर्षांपूर्वी मी घरात होते. त्या होडीत असते तरी उतरले नसते. हे आज मी भावाला सांगितलं. दोन होड्यांचंही सांगितलं. तो माझ्या डोक्यावर हात ठेवून बाहेर गेला.

आता लग्नाचं. घटका टळलीच होती. तरी इमाम म्हणाले, मुलगा आहे, मुलगी आहे, साक्षीदार आहेत, उरकून घेऊ, पाहुणे ताटकळलेत. मी नाही म्हटलं. ज्या बाईनं पोराला वाढवलं ती आणि तिची एकोणतीस माणसं तिकडे धक्क्यावर उपाशी बसलीत आणि आम्ही इकडे लग्न लावायचं? माझ्या मोठ्या नणंदा चिडल्या. नटवलेली नवरी तशीच ठेवणं बरं नाही, लोक काय म्हणतील, असं म्हणाल्या. मी म्हटलं, म्हणू देत. मिनीनं स्वतःच डोक्यावरची फुलं काढून पाण्यात ठेवली. रुस्तम माझ्या नवऱ्याचा जुना सारोंग नेसून चटईवर झोपलाय. भात तुमच्या लोकांनी खाल्ला, तुमचा वेगळा करू.

हे पत्र बर्फाच्या जहाजाबरोबर पाठवतेय. ते मोठं आहे, त्याला हा वारा लागत नाही. पण त्याच्या तांडेलाला मी बजावलंय की येताना कुणालाही घेऊन यायचं नाही, तुम्ही हट्ट केलात तरी. आता घरी जा, काही खा, झोपा. वारा पडला की हाजी दोल्लांची लाँच आणि माझ्या भावाची होडी, दोन्ही येतील. दाएंग बाजींना कुठे बसायचं ते त्यांनाच ठरवू द्या.

उद्या वारा पडला तर उद्या या. नाही पडला तर परवा. परवाही नाही तर तेरवा. कुणी कितीही घाई केली तरी निघू नका. तुम्ही उतरेपर्यंत आम्ही सुरुवात करणार नाही.

तेने